मामींचा कॉफीचा ड्रम

तो ड्रम अजून आमच्या घरी आहे. लांबी दीड फूट, व्यास नऊ इंच, वजन दांड्यासकट चार किलो तीनशे ग्रॅम. हे आकडे आठवणीतले नाहीत, लिहायला बसण्याआधी मी पुन्हा मोजले. वर्षातून दोनचारदा त्यात शेंगदाणे भाजले जातात. बायको म्हणते, कढईत लवकर होतात. तेही मी घड्याळ लावून पाहिलं आहे आणि ते खरं आहे. तरी ड्रम माळ्यावरून उतरतो, कारण तो फुकट पडून राहावा असं मला वाटत नाही, आणि भंगारात द्यावा असंही वाटत नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही चिखल्याच्या कॉलनीत राहायला गेलो. मी खाणीच्या काटाघरात होतो. मॅंगनीजने भरलेले ट्रक काट्यावर उभे राहत, मी वजन लिहून घेई, पावती फाडून देई. आम्ही तिघे बाबू होतो, तीन पाळ्या होत्या. त्यांपैकी एकाचं घर तुमसरला होतं आणि त्याला शनिवारी घरी जायची घाई असे, म्हणून शनिवारची तिसरी पाळी कायमची माझ्याकडे आली. रविवारी सकाळी सातला मी सुटायचो. डोळ्यांत खाणीची काळी धूळ, पाय जड. घरी येऊन आंघोळ करून झोपावं एवढीच इच्छा असायची. ती इच्छा चार वर्षांत निम्म्या रविवारी पुरी झाली नाही.

शेजारच्या क्वार्टरमध्ये सर्व्हेअर साहेब राहत. आमच्या दोन्ही घरांमध्ये एकच भिंत आणि मागचं अंगणही एकच, मध्ये नळ. साहेब मद्रासकडचे, वयाने माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. जमिनीखाली खोदकाम किती पुढे गेलं ते मोजणं त्यांचं काम, आणि ते मोजायचं तर खाण बंद हवी. म्हणून सगळी कॉलनी रविवारी घरी असताना साहेब डोक्यावर टोपी आणि दिवा चढवून खाली उतरायचे ते दुपारी दोनला वर यायचे.

त्यांच्या बायकोला सगळी कॉलनी मामी म्हणत असे. नऊवारीसारखंच पण वेगळ्या घोळाचं लुगडं, कानात कुड्या, आवाज मोठा. अठ्ठावीस वर्षं या भागात काढली होती आणि मराठी शिकल्या होत्या त्या भाजीवालीकडून आणि भांडी घासणाऱ्या बाईकडून. त्यामुळे मी ऑफिसात कामी येईल अशी मराठी बोलायचो आणि मामी मात्र थेट माझ्या गावच्या, आसगावच्या बांधावरची. आमच्या मोठ्या मुलीच्या वेळी माझी आई आजारी होती, सासू येऊ शकत नव्हती. मामी बारा दिवस आमच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे, कारण पुढच्या रविवारांचं कारण तेच आहे.

या दोघांना कॉफी लागे. आम्ही चहावाले. मामींच्या भावाकडून दर तीन महिन्यांनी कच्च्या बियांचं पार्सल यायचं, हिरवट, वासाला भिजल्या पोत्यासारख्या. त्या घरी भाजायच्या, हाताच्या चक्कीवर दळायच्या, मग कॉफी. मामी कितीतरी वर्षं कढईत भाजत आल्या होत्या, रंग बघून. मग एका पावसाळ्यात लागोपाठ दोनदा कढई जळाली. साहेबांनी वर्कशॉपच्या मिस्त्रीकडून ड्रम करून घेतला.

मिस्त्रीने मॅंगनीजची बारीक चुरी चाळायच्या चाळणीचा बाद झालेला पत्रा घेतला. त्याला आधीच बारीक भोकं होती. तो गोल वळवून दोन्ही तोंडं बंद केली, एका बाजूला कडीचं दार, आत दोन उभ्या पट्ट्या, म्हणजे बिया वर उचलून खाली पडतील. मधून आरपार सळई, सळईला दांडा. तेलाचं मोठं पिंप उभं कापून त्याचा अर्धा भाग चार पायांवर आडवा ठेवला, ती शेगडी. त्यात लाकडी कोळसा, वर ड्रम, आणि दांडा फिरवत राहायचं. आणून दिला तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, याच्यात कोंबडी मस्त भाजून निंघन. कॉफी कायले?" साहेब कांदासुद्धा खात नसत. मामी आतून ओरडल्या, "तुले भाजतो मी याच्यात, थांब!"

साहेब रविवारी खाली असत, इतर दिवशी त्यांना वेळ नसे. दांडा फिरवायला मी.

पहिल्या रविवारची चूक माझी. मामींनी पाऊण किलो बिया घातल्या, कडी लावली आणि घरात गेल्या. मी फिरवत बसलो. बाराव्या मिनिटाला आत तडतड सुरू झाली. आमच्याकडे धानाच्या लाह्या करताना आई गरम रेतीत धान टाकायची, आणि फुटलं की त्याच क्षणी चाळणीत ओतायची. थांबलं की करपतं. लहानपणापासून हाताला तेच माहीत. मी दोन फडक्यांनी ड्रम उचलला, खाली घेतला, दार उघडून सगळं सुपात ओतलं.

मामी बाहेर आल्या. "काहून उतरोलं जी बाबू?"

"फुटल्या न मामी."

त्यांनी एक बी उचलून दातांखाली धरली आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की माझी बायको नळावरून उठून आली.

"पोरी, तुह्या नवऱ्यानं कॉफीच्या लाह्या केल्या!"

मग त्यांनी समजावलं. पहिली तडतड म्हणजे बी नुसती जागी झाली. ती थांबते. मग थोडा वेळ काहीच नाही. मग दुसरी येते, बारीक, वाळल्या तणसावरून, भाताच्या पेंढ्यावरून कोणी चालत गेल्यासारखी. ती सुरू झाली की मिनिटभर, आणि मग बस. त्या दिवशीची कॉफी आंबट झाली. पंधरा दिवस दोघांनी तीच प्यायली.

मला मात्र राहवलं नाही. काटाघरातून मी एक जुनी वही आणली होती, तिच्या मागच्या पानांवर लिहायला लागलो. कच्चं वजन, भाजलेलं वजन, पहिली तडतड कितव्या मिनिटाला, दुसरी कितव्या, उतरवलं कधी. पहिल्यांदा नीट भाजून झालं तेव्हा पाऊण किलोचे सहाशे बावीस ग्रॅम भरले. मी तीनदा वजन केलं. कुठे सांडलं म्हणून अंगण पाहिलं. मामींना म्हणालो, "सव्वाशेच्या वर कमी आहे. मी काही घेतलं नाही."

"अरे बाबू, पाणी उडालं ते. तुह्या काट्यावर ओलं मॅंगनीज येते का नाही?"

बरोबर होतं. ओल्या मालाचं पाणी मी रोज वजा करत होतो. तरी सहाशे वीस ते सहाशे तीसच्या बाहेर आकडा गेला की मला बरं वाटत नसे.

दर दुसऱ्या रविवारी हे चाले. मी दांड्याशी स्टुलावर. मामी शेगडीच्या पलीकडे लाकडी पाटावर, मान एका बाजूला कलती करून. माझी बायको सूप घेऊन तयार. बियांवरची पातळ सालं भाजताना सुटतात आणि आत भुशासारखी राहतात. ती पाखडण्याचा बायकोचा हात असा होता की तीन झटक्यांत सूप स्वच्छ. मामी म्हणायच्या, "हे आमच्या देशातल्या बाईले नाही जमत." मग दुसऱ्या तडतडीनंतर मामींचा आवाज, "बस!" आणि मी ड्रम उतरवायचा. दोन वर्षं वहीत बहुतेक एकच आकडा आहे: अठरा मिनिटं. कधी साडेसतरा, पावसात एकोणीस.

मामींना किती कमी दिसतं हे मला एका बादलीमुळे कळलं. मी नळाजवळची बादली शेगडीच्या बाजूला, त्यांच्या दाराच्या वाटेत ठेवली होती, ड्रम गार करायला. मामी सूप घेऊन भराभर आल्या आणि सरळ बादलीवर आदळल्या. पाणी सांडलं, त्या गुडघ्यावर बसल्या. उजेड लख्ख होता, बादली पिवळ्या रंगाची. मी उठवायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात धरायला हात पुढे केला आणि तो माझ्या हाताच्या बाजूने हवेत गेला.

मग मला आधीचं एकेक आठवत गेलं. कॉफीचा पेला देताना त्या त्याचा काठ बोटाने चाचपायच्या. दारापासून शेगडीपर्यंत त्या नेहमी अकरा पावलं टाकायच्या. मी मोजली होती, पण अकराच का, हे कधी मनात आलं नव्हतं.

"साहेबाले माहीत आहे," मामी म्हणाल्या. "आता तुले. आन् कोणाले नाही सांगाचं."

डॉक्टरने नागपूरला सांगितलं होतं, काचबिंदू, गेलेलं परत यायचं नाही. मुलगा मद्रासला नोकरीला. त्याने दोनदा लिहिलं होतं, अम्माचं डोळ्यांचं वाढलं की मी घेऊन जाईन; किती वाढलं ते त्याला कळू दिलं नव्हतं. सून चांगली होती, तक्रार कशाचीच नव्हती. पण साहेबांच्या निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. मामी गेल्या तर साहेब मेसमध्ये जेवणार, पोटाचं दुखणं असलेला माणूस. आणि दुसरं.

"तिथं मले खुर्चीवर बसोतीन. चहा पे अम्मा, गोळी घे अम्मा. चुलीपाशी कोण जाऊ देईन? इथं माह्या घरातला तवासुद्धा मले ओळखते." मग शेगडीकडे बोट दाखवलं, ते जरा डावीकडे गेलं. "याच्यात डोळेवाल्याले तरी काय दिसते? ड्रम बंद आहे. तू आंधळा आन् मी आंधळी. दोन वर्षं काढाची आहेत, बस."

खरंच होतं. बंद ड्रममध्ये रंग कोणालाच दिसत नाही. साहेबांनी तो कशासाठी करून घेतला हे मला त्या दिवशी समजलं.

मी बायकोला सांगितलं, आणखी कोणाला नाही. त्यानंतर अंगणात कुठलीही वस्तू जागची हलली नाही याची आम्ही काळजी घेतली. मी खडूने बादलीची, पाटाची, शेगडीच्या चारी पायांची जागा आखली होती. पावसाने खडू जायचा, मी परत आखायचो. तिसऱ्या पाळीहून येऊन आधी खडू, मग कोळसा, मग दांडा. दोन मुली घरात, झोप दुपारी एकनंतर, आणि सोमवारी पुन्हा पहिली पाळी. तक्रार म्हणून नाही, जसं होतं तसं सांगतो. माणूस थकतो आणि थकलेल्या माणसाला चांगल्या कामाचाही कंटाळा येतो.

तिसऱ्या पावसाळ्यात मामींना मोठा ताप आला. तीन आठवडे अंथरुणावर होत्या. उठल्या तेव्हा एक कान जवळजवळ गेला होता आणि दुसरा अर्धा. मोठ्याने बोललं की ऐकू येई. तडतड मोठ्याने होत नाही.

वहीत ते दिसतं. अठरा. साडेअठरा. वीस. मग एकवीस, त्या दिवशी बिया तेलकट काळ्या निघाल्या आणि वजन पाचशे पंच्याऐंशी. मामींनी बी चावली, थुंकली, म्हणाल्या, "कोळसा आज कडक होता." कोळसा तोच होता. मी हो म्हणालो.

पुढच्या खेपेला मी काही ठरवलं नव्हतं. दुसरी तडतड सुरू झाली, मामी मान कलती करून तशाच बसलेल्या, आणि माझा हात आपोआप मंद झाला. दांडा फिरताना दर फेऱ्याला कुईं असा आवाज करायचा. तो आवाज त्यांच्या कानापर्यंत जात असावा, कारण तो लांबला आणि त्या लगेच म्हणाल्या, "बस!"

अठरा मिनिटं. सहाशे चोवीस.

त्यानंतर मी प्रत्येक वेळी तसंच केलं. मिस्त्री एकदा दांड्याला तेल द्यायला आला, त्याला मी परत पाठवलं. मामी कधी बोलल्या नाहीत, मी कधी बोललो नाही. लिहिताना मात्र अडखळायचो. 'उतरवायला कोणी सांगितलं' असाही एक रकाना होता. त्या रकान्यात पूर्वी मी 'मामी' असं लिहायचो. तो रकाना मी कोरा ठेवायला लागलो.

साहेबांच्या निवृत्तीला दहा महिने राहिले असतील. मार्चचा रविवार होता. आदल्या पाळीत काट्याची एक कडी अडकली होती, ट्रकांची रांग लागली होती, ड्रायव्हर शिव्या देत होते, मी रात्रभर उभा होतो. दांडा फिरवता फिरवता मला डुलकी लागली. किती वेळ ते माहीत नाही, वहीत त्या दिवशी वेळ नाही. जागा झालो तेव्हा मामींनीच पाटावरून उठून, चाचपत येऊन, माझ्या हातावर हात ठेवून दांडा फिरवत ठेवला होता. "झोपला का जी बाबू?" एवढंच म्हणाल्या, आणि हात काढून घेतला.

भाजून झाल्यावर मी नळावर तोंड धुवायला गेलो. बायको म्हणाली, "आज नाही म्हटलं असतं तर चाललं नसतं का जी? डोळे पाहा कसे झाले तुमचे."

मी म्हणालो, "नाही कसं म्हणू? पण खरं सांगू, आता नाही होत. आणखी किती दिवस?"

बायकोने मला कोपर मारलं. मामी हातात सूप घेऊन दहा पावलांवर उभ्या होत्या. पाठमोऱ्या, आणि आमच्या बाजूला त्यांचा गेलेला कान. त्या सावकाश आत गेल्या, अकरा पावलं. मी बायकोला म्हणालो, ऐकू नाही गेलं. ती म्हणाली, कसं सांगता?

एप्रिलात त्यांचा मुलगा आला. कळवून आला नाही, तुमसर रोड स्टेशनवर उतरून टॅक्सी करून दारात उभा राहिला. साध्या स्वभावाचा होता, चष्मा लावलेला, आईसारखंच मोठ्याने बोलायचा. आठवडाभर राहिला. पहिले चार दिवस मामी घरात अशा वावरल्या की मलासुद्धा शंका आली, यांना दिसायला लागलं की काय. इडल्या केल्या, देवाला फुलं वाहिली, त्याच्या सदऱ्याचं बटण लावलं. सुईत दोरा माझ्या बायकोने आधीच ओवून ठेवला होता.

रविवारी भाजण्याची पाळी होती. साहेब खाली गेलेले. मी सातला सुटून आलो, खडू आखला, कोळसा पेटवला, स्टुलावर बसलो. मुलगा बाहेर आला.

"आप उठिए भाईसाब," तो म्हणाला. "रातभर ड्यूटी की है आपने. मैं घुमाता हूँ. बचपन में अम्मा की कढ़ाई मैं ही हिलाता था."

मी म्हणालो, सवय आहे, थकलो नाही. तो ऐकेना. दोघांनी दांड्याला हात घातले तर मामी पाटावरून म्हणाल्या, "घुमाऊ दे बाबू त्याले. तू बस जरा."

मी नळाच्या ओट्यावर बसलो. तिथून मामींचा चेहरा समोर दिसत होता. मुलगा उत्साहाने फिरवत होता, माझ्यापेक्षा जलद, एका लयीत. कुईं, कुईं, कुईं. साडेअकराव्या मिनिटाला पहिली तडतड झाली. मुलगा म्हणाला, "अम्मा, सुना?" मामींनी मान हलवली. ती मोठी असते. मग ती थांबली.

सोळाव्या मिनिटाला दुसरी सुरू झाली. मला स्पष्ट ऐकू आली. हातात घड्याळ होतं. सतरा. मी मामींकडे पाहिलं. अठरा. दांडा त्याच लयीत. मुलाला काही माहीत नव्हतं, तो आईच्या 'बस'ची वाट पाहत होता. मी बोललो असतो तर तो विचारणार होता, अम्मा का नाही बोलली? आणि नाही बोललो तर आत जळणार होतं. खोकावं असं मनात आलं. माझ्या बायकोने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. एकोणीस. भोकांतून निळा धूर यायला लागला. आणि हेही लिहिलं पाहिजे की त्या मिनिटात, थकलेल्या डोक्याच्या एका कोपऱ्यात, मला असं वाटलं की संपेल तर संपू दे.

वीस. मामी हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं.

साडेएकविसाव्या मिनिटाला धूर पिवळट झाला आणि मुलगा खोकत उठला. "अम्मा! जल गया अम्मा!" मी धावलो, फडक्यांनी ड्रम उचलला आणि सुपाऐवजी जमिनीवर ओतला. आतून निखारेच पडले. मुलगा आईसमोर जाऊन उभा राहिला आणि तिच्या डोळ्यांसमोर त्याने हात हलवला, एकदा, दोनदा. मग तो तिथेच जमिनीवर बसला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी हळू बोलला. मामींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. या वेळी हात बरोबर जागी पडला.

मंगळवारी त्या मुलाबरोबर मद्रासला गेल्या. जाताना माझ्या मुलींना चकल्या दिल्या, बायकोला सूप परत दिलं. मला म्हणाल्या, "बाबू, आता रविवारी झोप जी." मी चालेल म्हणालो.

साहेबांनी उरलेले नऊ महिने मेसमध्ये काढले. अकरा किलो उतरले. हा आकडा काटाघरातल्या छोट्या काट्यावरचा आहे, ते गंमत म्हणून अधूनमधून उभे राहायचे. आमच्याकडून रात्रीची भाजी जायची, पण त्यात तिखट आणि त्यांना सोसायचं नाही. कॉफी सोडली नव्हती. मी रविवारी भाजायचो, एकटा, आणि वेळ वहीत लिहायचो.

निवृत्त होऊन निघायच्या आधीच्या रविवारी ते पहिल्यांदा अंगणात येऊन मामींच्या पाटावर बसले. डब्यात पाऊण किलोच बिया उरल्या होत्या. म्हणाले, भाजून द्या, तिच्यासाठी घेऊन जातो, तिथे यंत्रावर भाजलेली मिळते आणि ती तोंड वाकडं करते. मी फिरवायला लागलो. दुसरी तडतड आली आणि माझा हात सवयीने मंद झाला.

"बस," साहेब म्हणाले आणि हसले. मग त्यांच्या सावकाश हिंदीत म्हणाले, "वो बोलती थी, बाबू का हाथ बोलता है. पहले दिन से मालूम था उसको."

मी ड्रम उतरवला. विचारलं, "साहेब, त्या दिवशी मी खोकलो असतो तर?"

"कायको खोकना?" साहेब म्हणाले. "उसका नाक तो ठीक था. तीन घर दूर से दूध लगा तो पहचानती थी. धुआँ उसके मुँह पे आ रहा था."

माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी सगळं मोजलं होतं, पण धूर कोणत्या बाजूला जात होता ते पाहिलं नव्हतं.

"मैंने उसी दिन पूछा," ते सांगत होते, "बोली क्यों नहीं? तो बोली, और कितने दिन. तुम्हारी मराठी में बोली. आणखी किती दिवस." त्यांनी रिकामा डबा माझ्याकडे सरकवला. "मालूम नहीं कहाँ से सीखी. ऐसा कभी बोलती नहीं थी."

माझी बायको पाखडत होती. तिचं सूप थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. मी साहेबांना सांगायला हवं होतं की ते शब्द कुठले. मी सांगितलं नाही. त्यांच्याकडे दोन दिवस उरले होते आणि सामान बांधायचं होतं, असं मी स्वतःला म्हणालो.

मी बियांचं वजन केलं, डब्यात भरल्या, झाकणावर कापड बांधलं. साहेबांनी विचारलं, "उसको क्या बोलूँ? आपकी तरफ से?"

मी कापडाची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणालो, "सांगा, अठरा मिनिटं. सहाशे चोवीस ग्रॅम."

त्यांनी मान हलवली, जशी कामाची गोष्ट लक्षात ठेवतात तशी, आणि डबा घेऊन आत गेले. ड्रम, शेगडी आणि चक्की मागे ठेवली. चक्की मी मेसला दिली.

बायको सूप झटकत होती. म्हणाली, "एवढंच सांगतलं जी?"

"एवढंच."

तिने सूप भिंतीला टांगलं. मी झोपायला गेलो. दुपारचा एक वाजला होता आणि झोप आली नाही.